वाशीमच्या मित्राचा लॅपटॉप स्लो का झाला ते शोधत गेलो आणि विसाव्या वर्षी गेलेल्या एव्हारिस्त गाल्वापर्यंत पोहोचलो

लग्नसराई ऐन भरात होती आणि वाशीमच्या अकोला नाक्याजवळ व्हिडिओ एडिटिंगची कामं करणाऱ्या माझ्या मित्राचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, भाऊ वैतागला आहे.

विषय असा होता की त्याने सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता आणि त्यावर लिनक्स टाकलं होतं. गिऱ्हाइकांच्या घरचे फोटो, व्हिडिओ सगळे त्यातच. उद्या लॅपटॉप बसमध्ये राहिला किंवा कुणी उचलून नेला, तर नसती भानगड नको, म्हणून इन्स्टॉल करतानाच त्याने पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडला. शहाणपणाचंच काम केलं. पण तेव्हापासून मशीन रडायला लागलं. एका लग्नाचं फुटेज कॉपीला टाकायचं, घरी जाऊन जेवून यायचं, तरी निम्मंच झालेलं.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं रॅम वाढव, कुणी म्हणालं एसएसडी बदल. त्याने एसएसडी बदलला. खिशातले पैसे गेले, स्पीड तिथंच. शेवटी एका रविवारी आम्ही दोघं अंदाज बांधणं सोडून ट्रेसिंगला बसलो.

ट्रेसिंग म्हणजे काय, तर माग काढणं. लिनक्सच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. तुम्ही फाइल सेव्ह केली की ती थेट डिस्कवर जाऊन बसत नाही. आधी फाइल सिस्टीम, मग डीएम-क्रिप्ट नावाचा थर, तो कर्नेलच्या क्रिप्टो विभागाला सांगणार की एवढा डेटा कुलूपबंद करून दे, तिथून परत, मग डिस्कचा ड्रायव्हर आणि मग डिस्क. कचेरीत दाखल्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते ना, अगदी तसंच. दाखला उशिरा मिळाला तर सगळ्या कचेरीला शिव्या घालून उपयोग नसतो, नेमका कोणत्या टेबलावर अडकला ते कळावं लागतं. कर्नेलमध्ये 2008 सालापासून एफट्रेस नावाची सोय आहे. ती चालू केली की कोणतं फंक्शन कुणी बोलावलं आणि त्यात किती मायक्रोसेकंद गेले, याची रांगोळी स्क्रीनवर उतरते. परफ नावाचं दुसरं साधन प्रोसेसरचा वेळ कुठे खर्च होतोय ते टक्केवारीत सांगतं.

आमच्या रांगोळीत डिस्क बिचारी निवांत बसलेली दिसली. एसएसडी बदलण्याचे पैसे वाया गेले होते, हे तिथंच सिद्ध झालं. वेळ खात होतं एन्क्रिप्शनचं गणित. आणि ते गणित जेनेरिक, म्हणजे सर्वसाधारण सॉफ्टवेअर कोड करत होता. प्रोसेसरमध्ये याच कामासाठी वेगळ्या सूचना कोरलेल्या असतात, त्यांचं नावसुद्धा ट्रेसमध्ये नव्हतं.

हे वाचत असताना मी प्रोसेसरच्या सूचनांची यादी उघडून बसलो होतो. त्यात नव्या इंटेल चिप्ससाठी एक नाव होतं, गाल्वा फील्ड न्यू इन्स्ट्रक्शन्स. मित्राने विचारलं, हा गाल्वा कोण? इंटेलचा कुणी इंजिनिअर असेल, असं त्याला वाटलं होतं. मलाही फार माहिती नव्हती. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की या माणसाच्या आयुष्याचा ट्रेस काढला तर लॅपटॉपपेक्षा जास्त टेबलं सापडतात.

एव्हारिस्त गाल्वाचा जन्म 25 ऑक्टोबर 1811 चा, पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावातला. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती आणि फ्रान्समध्ये नेपोलियनची बादशाही. वडील निकोला-गाब्रिएल शाळा चालवायचे, पुढे गावाचे मेयर झाले. माणूस पुरोगामी विचारांचा, राजेशाही आणि चर्च दोन्हीशी फारसं न पटणारा. आई शिकलेली होती, लॅटिन-ग्रीक येणारी. पोराला बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच घरी शिकवलं.

1823 मध्ये त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित निवासी शाळेत घातलं. सुरुवातीला पोरगा बरा चालला होता, मग कंटाळला. एक वर्ग पुन्हा करायची वेळ आली आणि त्याच काळात तो गणिताच्या तासाला बसला. इथं गाडी फिरली. लजांद्रचं भूमितीचं पुस्तक त्याने कादंबरीसारखं वाचून संपवलं असं सांगतात. मग शाळेची पुस्तकं सोडून थेट लाग्रांजचे मूळ लेख वाचायला लागला. शिक्षकांच्या शेऱ्यांमध्ये तेव्हापासून एकच सूर दिसतो, की याला गणिताचं वेड लागलंय, बाकी विषयांत हा वेळ वाया घालवतोय, आई-वडिलांनी याला फक्त गणितच करू द्यावं.

त्याला जायचं होतं एकोल पोलितेक्निकमध्ये. आपल्याकडे आयआयटीचं जे आहे ते तिथं पोलितेक्निकचं होतं. 1828 मध्ये, खास तयारीचा वर्ग न करताच, एक वर्ष आधी हा परीक्षेला बसला आणि नापास झाला. पुढच्या वर्षी त्याला लुई रिशार नावाचे शिक्षक मिळाले. या पोरात काय आहे हे ज्यांनी पहिल्यांदा नीट ओळखलं ते हे रिशार मास्तर. 1829 च्या एप्रिलमध्ये गाल्वाचा पहिला छोटा लेख छापून आला. वय सतरा.

आता तो ज्या प्रश्नाच्या मागे लागला होता तो समजून घेऊ. दहावीत आपण वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र पाठ केलंय. क्ष वर्गाच्या जागी क्ष घन आला तरी सूत्र आहे, चौथा घात आला तरी आहे, ही दोन्ही सोळाव्या शतकात इटलीत सापडली. पाचव्या घातापाशी मात्र सगळे अडकले. नॉर्वेच्या नील्स आबेलने 1824 मध्ये दाखवलं की पाचव्या घाताला असं सगळ्यांना लागू पडणारं सूत्र असूच शकत नाही. पण मग काही विशिष्ट समीकरणं तर सुटतात, ती कोणती? समीकरण हातात घेतल्यावर ते सुटणार की नाही हे आधीच कसं ओळखायचं? गाल्वाने उत्तर शोधलं ते आकडेमोड करून नाही. समीकरणाच्या उत्तरांची आपापसात अदलाबदल केली तर काय बिघडतं आणि काय तसंच राहतं, याचा त्याने अभ्यास केला. त्या अदलाबदलींच्या गटाची रचना बघायची, तीच सांगते समीकरण सुटेल की नाही. आज याला ग्रुप थिअरी म्हणतात आणि एमएस्सीची पोरं यावरून घाम गाळतात.

1829 च्या मे-जूनमध्ये त्याने हे काम पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवलं. तपासायला दिलं ओग्युस्तँ कोशीकडे, त्या काळातला फ्रान्समधला सगळ्यात मोठा गणिती. हे पहिलं टेबल.

आणि मग जुलै उजाडला. बूर-ला-रेनमध्ये नवा पाद्री आला होता, त्याचं मेयरशी वाकडं होतं. मेयरच्या नावाने नातेवाइकांची बदनामी करणाऱ्या खोट्या कविता गावात फिरवल्या गेल्या. आजच्या भाषेत फेक अकाउंटवरून बदनामी. वडिलांना ते सहन झालं नाही. 2 जुलै 1829 ला त्यांनी पॅरिसमध्ये आत्महत्या केली. अंत्यविधीच्या वेळी गावात दंगल उसळली. हे सगळं डोळ्यांसमोर असताना काही दिवसांतच गाल्वा पोलितेक्निकच्या परीक्षेला दुसऱ्यांदा, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटच्यांदा बसला. परत नापास. चिडून त्याने परीक्षकाच्या तोंडावर डस्टर फेकून मारलं अशी कथा आहे, तिला भक्कम पुरावा नाही. एवढं खरं की सगळी उत्तरं डोक्यात करायची आणि पायऱ्या सांगायच्या नाहीत ही त्याची सवय तोंडी परीक्षेत नडली.

तो मग एकोल नॉर्मालमध्ये गेला, शिक्षक घडवणारी ही संस्था तेव्हा पोलितेक्निकच्या मानाने दुय्यम समजली जायची.

1830 च्या फेब्रुवारीत त्याने तेच संशोधन नव्याने लिहून अकादमीच्या मोठ्या बक्षिसासाठी पाठवलं. अकादमीचे सचिव होते जोसेफ फूरिए. फूरिएंनी कागद वाचायला घरी नेले आणि 16 मे ला फूरिए वारले. कागद त्यांच्या घरी सापडलेच नाहीत. दुसरं टेबल. बक्षीस मिळालं आबेल आणि याकोबी यांना, त्यातला आबेल वर्षभरापूर्वीच सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेलेला.

एवढ्या गडबडीत त्याच 1830 च्या जूनमध्ये गाल्वाचा एक लेख मात्र सुरळीत छापून आला. संख्यांच्या सिद्धांतावरचा, जेमतेम काही पानांचा. वय अठरा. आपल्या मित्राच्या लॅपटॉपशी थेट नातं आहे ते या लेखाचं, म्हणून इथं जरा थांबू.

समजा जगात फक्त सातच संख्या आहेत, 0 ते 6. बेरीज-गुणाकार केल्यावर उत्तर सातच्या पुढे गेलं तर सातने भागून उरलेली बाकी घ्यायची. 3 गुणिले 5 म्हणजे 15, बाकी 1. म्हणजे या जगात 1 भागिले 3 बरोबर 5. गंमत अशी की इथं शून्य सोडून कुठल्याही संख्येने भागता येतं आणि उत्तर त्याच सात संख्यांमध्ये सापडतं. अपूर्णांक नाही, दशांश नाही, काही सांडत नाही. सात ही मूळ संख्या आहे म्हणून हे जमतं. हेच घड्याळाच्या बारा आकड्यांवर करून बघा. 3 गुणिले 4 म्हणजे 12, बाकी शून्य. शून्य नसलेल्या दोन संख्या गुणल्या आणि शून्य आलं, खेळ खलास. भागाकार मोडला.

मूळ संख्यांचं हे जग गाल्वाच्या आधीच माहीत होतं. त्याने दाखवलं की मूळ संख्येच्या कोणत्याही घाताएवढ्या घटकांचंही असं न सांडणारं जग उभं करता येतं, फक्त गुणाकाराची रीत बदलावी लागते. म्हणजे 7 नाही तर 49 घटकांचं, किंवा 2 चा आठवा घात, 256 घटकांचं. साध्या बाकीच्या रीतीने 256 चं जग उभं राहत नाही, 2 गुणिले 128 केलं की लगेच शून्य. गाल्वाच्या रीतीने राहतं.

आता 256 हा आकडा ओळखीचा वाटतोय का? कॉम्प्युटरमधल्या एका बाइटची 256 रूपं असतात.

बेल्जियमच्या योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी बनवलेली एईएस ही पद्धत 2001 मध्ये अमेरिकेचं सरकारी मानक झाली आणि आज लिनक्स-विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनपासून वायफायपर्यंत सगळीकडे तीच चालते. तिचा गाभा म्हणजे हे 256 घटकांचं जग. प्रत्येक बाइटच्या जागी त्याचा गाल्वाच्या रीतीने काढलेला व्यस्त ठेवायचा, वरून बिट्सची थोडी उलटापालट करायची. मग बाइट्सच्या ओळी सरकवायच्या, पुन्हा गाल्वाच्या रीतीने गुणून चार-चार बाइट एकमेकांत कालवायचे, वरून किल्लीचा तुकडा मिसळायचा. ही झाली एक फेरी, शेवटच्या फेरीत कालवणं तेवढं गाळतात. या जगात काही सांडत नाही म्हणूनच योग्य किल्ली असेल तर सगळं उलट क्रमाने जसंच्या तसं परत मिळतं. डिस्कसाठी वापरतात त्या एक्सटीएस पद्धतीत त्याच मजकुराचं डिस्कवरच्या प्रत्येक जागी वेगळं रूप दिसावं यासाठी आणखी एक गुणाकार करतात, तो 2 च्या 128 व्या घाताएवढ्या घटकांच्या गाल्वाच्या जगात होतो.

(वाशीमला गुप्त लेखनाचं तसं नवल नाही म्हणा. वाकाटकांची एक शाखा जिथून राज्य करायची ते वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. वात्स्यायनाच्या कामसूत्रात या वत्सगुल्माचा उल्लेख येतो आणि त्याच ग्रंथात सांगितलेल्या चौसष्ट कलांमध्ये म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक लिहिणं-बोलणं, ही एक कला आहे.)

हिशोब करून बघा. एईएस 16 बाइटचा घास घेते आणि 256 बिटची किल्ली असेल तर प्रत्येक घासावर 14 फेऱ्या करते. एका जीबीत असे 6 कोटी 71 लाख घास. म्हणजे जवळपास 94 कोटी फेऱ्या, फक्त एका जीबीसाठी. लग्नाचं फुटेज किती जीबीचं असतं ते एडिटिंगवाल्यांना विचारा. इंटेलने 2010 पासून आपल्या प्रोसेसरमध्ये अशा सूचना दिल्या, की एक सूचना दिली की एक अख्खी फेरी चिपमध्येच उरकते. हे झालं हार्डवेअर अॅक्सिलरेशन. मित्राच्या लॅपटॉपमध्ये तीच सोय गायब होती आणि प्रोसेसर त्या 94 कोटी फेऱ्या सुट्या सुट्या पायऱ्यांनी करत बसला होता.

परत 1830 कडे. जुलैमध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली. पोलितेक्निकची पोरं रस्त्यावर उतरून लढली. एकोल नॉर्मालच्या संचालकांनी मात्र दरवाजे बंद करून विद्यार्थ्यांना आत कोंडून ठेवलं. गाल्वा भिंतीवरून उडी मारून जायच्या बेतात होता, जमलं नाही. ही सल त्याच्या मनात राहिली. डिसेंबरमध्ये संचालकांवर टीका करणारं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि त्याला संस्थेतून काढून टाकलं. तो राष्ट्रीय रक्षक दलाच्या तोफखान्यात भरती झाला होता, ती तुकडी प्रजासत्ताकवाद्यांची आहे म्हणून वर्षाच्या शेवटी राजाने बरखास्त केली. शाळा गेली, तुकडी गेली. जानेवारी 1831 मध्ये त्याने एका पुस्तकाच्या दुकानात बीजगणिताचे जाहीर वर्ग सुरू केले. तेही फार दिवस टिकले नाहीत.

त्याच महिन्यात अकादमीचे सदस्य सिमेओं प्वासाँ यांच्या सांगण्यावरून त्याने तो प्रबंध तिसऱ्यांदा लिहून दिला. प्वासाँनी तो सहा महिन्यांनी, जुलै 1831 मध्ये परत केला. शेरा असा, की मांडणी पुरेशी स्पष्ट नाही, सिद्धता तपासता येत नाही, लेखकाने सगळं काम सविस्तर प्रसिद्ध करावं मग मत देता येईल. तिसरं टेबल.

दरम्यान मे महिन्यात एका मेजवानीत गाल्वाने एका हातात ग्लास आणि एका हातात उघडा चाकू धरून राजा लुई-फिलिपच्या नावाने टोस्ट केला. तिथं कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा हजर होता, भानगड नको म्हणून तो खिडकीतून सटकला. दुसऱ्या दिवशी गाल्वाला अटक. ज्युरीने सोडून दिलं. महिनाभरात, 14 जुलैला, बरखास्त झालेल्या तोफखान्याचा गणवेश घालून आणि शस्त्रं घेऊन तो मोर्चाच्या पुढे निघाला. पुन्हा अटक आणि या वेळी सहा महिन्यांची शिक्षा. प्वासाँचा नकार त्याच्या हातात पडला तो सेंत पेलाजीच्या तुरुंगात.

तिथं तो गणितही करत होता आणि दारूही प्यायला शिकला. त्याने आपल्या लेखांसाठी एक प्रस्तावना लिहिली, त्यात अकादमीतल्या बड्या लोकांवर इतकी आग ओकली आहे की आजही वाचताना अंगावर येते. खरं सांगायचं तर हा पोरगा सोपा नव्हता. भांडखोर होता, पायऱ्या गाळून लिहायचा, समोरच्याला समजलं नाही तर त्याला मूर्ख ठरवायचा. प्वासाँला सगळा दोष देणं सोपं आहे, पण तो प्रबंध समजायला त्यानंतरच्या गणितज्ञांनाही पंधरा-वीस वर्षं लागली.

1832 च्या वसंतात पॅरिसमध्ये कॉलरा पसरला आणि गाल्वाला तुरुंगातून एका आरोग्यगृहात हलवलं. तिथं त्याची ओळख स्तेफानी नावाच्या मुलीशी झाली. त्याचा जीव जडला, तिचा नाही. एप्रिलच्या शेवटी तो सुटला आणि महिनाभरात कुणीतरी त्याला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. कारण प्रेमप्रकरण की राजकारण, समोर कोण होता, यावर इतिहासकार अजून भांडतात.

29 मे च्या रात्री तो लिहीत बसला. या एका रात्रीत त्याने सगळं गणित पहिल्यांदा कागदावर उतरवलं, अशी कथा 1937 च्या एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकामुळे जगभर पसरली आणि आजही रील्समध्ये तीच फिरते. खरं म्हणजे प्रबंध आधीच तीनदा लिहून झाला होता. त्या रात्री त्याने जुन्या कागदांवर दुरुस्त्या केल्या, समासात टिपा लिहिल्या आणि ओग्युस्त शव्हालिए या मित्राला लांबलचक पत्र लिहून आपल्या सगळ्या शोधांचा आराखडा दिला. गाऊस आणि याकोबी यांना जाहीर विनंती कर, असं त्याने मित्राला सांगितलं. प्रमेयं खरी आहेत का यावर नाही, ती किती महत्त्वाची आहेत यावर त्यांचं मत माग.

30 मे च्या सकाळी पोटात गोळी लागली. तो पडला होता तिथून एका शेतकऱ्याने त्याला कोशँ हॉस्पिटलमध्ये पोहोचवलं. 31 मे ला, धाकटा भाऊ आल्फ्रेड जवळ असताना, तो गेला. वय वीस वर्षं सात महिने.

आल्फ्रेड आणि शव्हालिएने कागद गोळा केले, हाताने नकला काढल्या, गाऊस-याकोबींसह गणितज्ञांकडे पाठवल्या. काही उत्तर आलं नाही. अकरा वर्षं अशीच गेली. मग ते कागद जोझेफ ल्यूव्हील यांच्या हातात पडले. त्यांनी ओळ न ओळ बसून सोडवली, 1843 मध्ये अकादमीपुढे जाहीर केलं की या प्रबंधातलं उत्तर बरोबर आहे आणि 1846 मध्ये आपल्या नियतकालिकात सगळं छापलं.

आता ट्रेस लावून बघा. गाल्वाचं काम 1829 ला निघालं, 1846 ला पोहोचलं. सतरा वर्षं कोणत्या टेबलावर गेली? बरीच वर्षं लोक सांगायचे, कोशीने कागद हरवले, मोठा माणूस, पोराची कदर केली नाही. 1971 मध्ये रने तातों या इतिहासकाराने अकादमीच्या दप्तरातून कोशीचं एक पत्र बाहेर काढलं. त्यात 18 जानेवारी 1830 या तारखेला कोशी सांगतोय की आज गाल्वाच्या कामावर बोलणार होतो, आजारी आहे, पुढच्या बैठकीत घ्या. म्हणजे कागद हरवले नव्हते, वाचलेले होते. पुढच्या बैठकीत मात्र कोशी फक्त स्वतःच्या लेखावर बोलला. बक्षिसासाठी नव्याने लिही असं त्यानेच गाल्वाला सुचवलं असावं, असा एक अंदाज आहे. दीडशे वर्षं ज्याच्यावर बिल फाडलं तो कदाचित मदतच करत होता, आमच्या एसएसडीसारखं.

असाच प्रकार कर्नेलमध्येही सापडला होता. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या इंजिनिअर्सना त्यांच्या सर्व्हरवर एन्क्रिप्शन सुरू केलं की डिस्क फार हळू चालते असं दिसलं. त्यांच्या प्रोसेसरमध्ये सूचना चालू होत्या, गणित झपाट्याने होत होतं. माग काढल्यावर कळलं की वेळ गणितात जातच नव्हता, रांगेत जात होता. डीएम-क्रिप्ट प्रत्येक विनंती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत ढकलायचा, त्यातल्या काही रांगा फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कच्या सोयीने बसवलेल्या. 2020 मध्ये लिनक्स 5.9 आलं, त्यात या रांगा टाळायचे पर्याय मिळाले. तेव्हा तुमचा लॅपटॉप असाच रडत असेल तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, गणित हळू आहे की रांग लांब आहे. क्रिप्टसेटअपचा बेंचमार्क फक्त गणिताचा वेग सांगतो. तो आकडा चांगला असूनही फाइल हळू जात असेल तर रांगेकडे बघा. आकडाच पडलेला असेल तर प्रोसेसरच्या माहितीत एईएस हा शब्द आहे का ते बघा.

मित्राच्या मशीनमध्ये तो शब्द नव्हता. प्रोसेसरच्या मॉडेलमध्ये ती सोय आहे असं कंपनीचं पान सांगत होतं. मग बायोस उघडलं. आत सिक्युरिटीच्या पानावर एईएसचा पर्याय कुणीतरी बंद करून ठेवला होता, आधीच्या मालकाने की आणखी कुणी, देव जाणे. चालू केला, सेव्ह केलं, मशीन परत सुरू केलं. कर्नेलच्या क्रिप्टो यादीत आता चिपवाला ड्रायव्हर जास्त प्राधान्याचा आकडा घेऊन वर बसला होता आणि बेंचमार्कचा आकडा कित्येक पटींनी उडाला. पंधरा सेकंदांचं काम. मित्र हसला, मग एसएसडीचं बिल आठवून गप्प झाला.

त्या संध्याकाळी कारंजाच्या एका लग्नाचं फुटेज कॉपी होता होताच त्याने विचारलं, त्या पोराचं स्मारक वगैरे आहे का कुठे. अमेरिकी गणितज्ञ मूर यांनी 1893 मध्ये त्याच्या त्या न सांडणाऱ्या जगाला गाल्वा फील्ड हे नाव दिलं, तेच आज चिपवर आहे. बाकी मोंपार्नासच्या दफनभूमीत 2 जून 1832 ला हजारो लोकांनी त्याला निरोप दिला, पण पुरलं ते सामायिक खड्ड्यात. त्याची जागा आज कुणालाच दाखवता येत नाही. बूर-ला-रेनच्या दफनभूमीत, घरच्या माणसांच्या कबरींशेजारी, त्याच्या नावाचा एक दगड तेवढा उभा केलेला आहे.